अंतराचा खर्च आणि सीमेचा खर्च

मालाने भरलेला वीस फुटी कंटेनर देशाबाहेर धाडण्यास किती खर्च येतो, याची देशवार तुलना जागतिक बँक अनेक वर्षे प्रसिद्ध करीत असे. कागदपत्रे, सीमाशुल्काची तपासणी, बंदरापर्यंतची वाहतूक आणि बंदरावरील हाताळणी एवढ्याच बाबी त्या हिशेबात धरल्या जात; सागरी भाडे आणि कर वगळले जात. २०१४ च्या पाहणीत भारताचा आकडा १,३३२ डॉलर, तर शेजारच्या नेपाळचा २,५४५ डॉलर होता. नेपाळला समुद्र नाही, तेव्हा हे असेच व्हायचे, असे म्हणून या तफावतीची बोळवण करण्याचा मोह सहज होतो. परंतु नकाशा उघडला की हे स्पष्टीकरण अपुरे वाटू लागते.

कोलकात्याहून नेपाळच्या सीमेवरील रक्सौल लोहमार्गाने सुमारे ७०० किलोमीटर आहे आणि बिरगंजचे कोरडे बंदर तेथून हाकेच्या अंतरावर आहे. नागपूरहून मुंबई सुमारे ८४० किलोमीटर पडते. लुधियाना तर न्हावा शेवापासून दीड हजार किलोमीटरहून दूर आहे. तरीही नागपूरला किंवा लुधियान्याला कोणी समुद्रवंचित म्हणत नाही. भारताच्या त्या आकड्यात मुंबईबरोबर दिल्लीचाही अनुभव मिळवलेला होता, हेही ध्यानात घ्यावे. काठमांडूहून तराईत उतरणारी डोंगरी वाट खर्चिक आहे, हे खरे. पण सर्व भार डोंगरावर टाकता येत नाही.

हा भार मुख्यतः सीमेचा आहे. नागपूरचा निर्यातदार एकाच राज्याच्या कायद्याखाली बंदर गाठतो. काठमांडूच्या निर्यातदाराला आपल्या देशाचे सोपस्कार उरकून दुसऱ्या देशाच्या पारगमनाचे सोपस्कार नव्याने सुरू करावे लागतात. कंटेनर बहुधा जहाज कंपनीच्या मालकीचे असतात. ते ठरल्या मुदतीत परत न पोहोचल्यास दिवसागणिक आकार चढतो. सीमेवर किंवा बंदरात झालेल्या खोळंब्याचा दंड मात्र व्यापाऱ्याच्या माथी बसतो. शिवाय कोलकाता हे हुगळी नदीवरील उथळ बंदर. मोठी जहाजे तेथे येत नाहीत. लहान जहाजांनी माल कोलंबो किंवा सिंगापूरला नेऊन पुन्हा चढवावा लागतो. खोल पाण्याचे विशाखापट्टणम नेपाळला २०१६ मध्ये खुले झाले खरे, पण ते अंतर दुपटीच्या घरात जाते.

गालिच्याची किंमत परदेशी बाजारात ठरते. तेथील ग्राहक विणकराचा देश भूवेष्टित आहे म्हणून चार पैसे अधिक मोजत नाही. वाहतुकीचा जादा खर्च शेवटी विणकराच्या मजुरीतून वजा होतो. दोन आकड्यांमधील त्या बाराशे डॉलरांचा खरा अर्थ हा आहे.

पैशाहूनही महाग पडते ती अनिश्चितता. १९८९ च्या मार्चमध्ये व्यापार व पारगमन करार संपुष्टात आले आणि भारताने दोन वगळता बाकीचे सीमामार्ग बंद केले. २०१५ मध्ये नव्या राज्यघटनेवरून तराईत आंदोलन पेटले असताना बिरगंजचा मार्ग काही महिने ठप्प झाला; नेपाळने त्यास भारताची नाकेबंदी म्हटले, भारताने तो आरोप नाकारला. दोष कोणाचा, हा वाद बाजूला ठेवला तरी परिणाम उघड आहे. २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला आणि २०१९ च्या मसुद्याने त्याला चार चिनी सागरी बंदरांची वाट मिळाली. त्यांपैकी तिआनजिन तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. इतक्या लांबचे दार ठोठावण्याची पाळी शेजाऱ्यावर का आली, याचा विचार दिल्लीने करावयास हवा.

जागतिक बँकेचे आकडे म्हणजे वेदवाक्य नव्हे. आधीच्या अहवालांत आकडेवारीची गफलत आढळल्याने तो उपक्रमच २०२१ मध्ये बंद करण्यात आला. पण येथे आकड्याची दिशा महत्त्वाची आहे. भारतानेही त्यावर समाधान मानण्याचे कारण नाही, कारण श्रीलंकेचा खर्च तेव्हा भारताच्या निम्म्याहून कमी होता.

भूवेष्टित राष्ट्रांचा समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारनाम्याने मान्य केला आहे. त्याच्या अटी मात्र शेजाऱ्याशी बोलणी करूनच ठरवायच्या असतात. म्हणजे हक्क कागदावर राहतो की रुळांवर उतरतो, हे किनारा असलेल्याच्या वृत्तीवर अवलंबून असते. पारगमन कराराचे २०२३ मध्ये नूतनीकरण झाले आणि जलमार्गही खुले झाले, हे स्वागतार्हच आहे. बिरगंजची पेटी नागपूरच्या पेटीइतक्याच निर्धोकपणे बंदरावर पोहोचू लागेल, तेव्हाच त्या कराराचे चीज झाले असे म्हणता येईल. हिमालय हलवता येत नाही. सीमेवरचा खोळंबा मात्र माणसांनीच निर्माण केलेला आहे आणि तो माणसांनाच दूर करता येईल.