कळ नागपुरात, यंत्र भंडाऱ्यात

भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत सातबारा, बँकांचे व्यवहार आणि महाविद्यालयांचे प्रवेश इंटरनेटवरून होऊ लागल्यापासून फायरवॉल, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची छाननी करणारे यंत्र, हा खरेदीच्या यादीतला नित्याचा जिन्नस झाला आहे. त्यावर खर्च पडला की सुरक्षितता विकत घेतल्याचे समाधान मिळते; मात्र छाननीचे नियम ज्या वेबपानावरून लिहिले व बदलले जातात ते पानही याच यंत्रावर चालते आणि तिथवर जाणारा रस्ता मोकळा असेल तर नियम पुसणाराही त्याच रस्त्याने येतो, ही बाब त्या समाधानात हमखास निसटते.

गैरसमजाचे मूळ यंत्राच्या रचनेतच आहे. फायरवॉलमधून पलीकडे जाणाऱ्या माहितीसाठी नियमांचा एक तक्ता असतो आणि खुद्द फायरवॉलच्या पत्त्यावर आलेल्या मागण्यांसाठी बहुतेक यंत्रांत दुसरा, निराळा तक्ता असतो, ज्यात कोणत्या बाजूने व्यवस्थापनाचे पान उघडावे हे एकेका चौकटीत खूण करून ठरवले जाते. कर्मचाऱ्यांनी दुपारी क्रिकेटचा सामना पाहू नये म्हणून पहिल्या तक्त्यावर बराच विचार खर्च होतो; दुसऱ्या तक्त्यातली इंटरनेटच्या बाजूची खूण मात्र यंत्र बसवण्याच्या दिवशी सोय म्हणून केली गेली, तर ती वॉरंटी संपेपर्यंत तशीच राहू शकते. या जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांची पाळ कितीही भक्कम असली तरी पाणी सोडण्याचे तुडुम वाटसरूच्या हाती कोणी दिले नव्हते. फायरवॉलच्या बाबतीत हा विवेक अद्याप रुजायचा आहे.

ती खूण होण्यामागे बहुधा दुष्ट हेतू नसतो, अंतर असते. यंत्र भंडारा, तुमसर वा पवनी येथे आणि देखभालीचा अभियंता नागपुरात, अशी जेथे व्यवस्था असते, तेथे साठेक किलोमीटर वा त्याहून लांबची खेप वाचवण्यासाठी पान इंटरनेटवर उघडे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. जे पान नागपुरातून उघडते ते जगातल्या कोणत्याही शहरातून उघडते, एवढीच त्या स्वस्ताईची किंमत असते.

ही किंमत काल्पनिक नाही. सोफॉस या ब्रिटिश कंपनीने २०१४ मध्ये अहमदाबादची सायबरोम ही फायरवॉल बनवणारी कंपनी विकत घेतली. एप्रिल २०२० मध्ये सोफॉसच्याच फायरवॉलमधील तोवर अज्ञात असलेल्या एका दोषाचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी, अमेरिकेच्या न्याय विभागाने पुढे केलेल्या आरोपांनुसार, जगभरातील सुमारे ८१,००० यंत्रांत शिरकाव केला. हल्ल्याच्या टप्प्यात सापडली ती प्रशासकाचे पान किंवा वापरकर्त्यांचे पान इंटरनेटच्या बाजूने उघडे ठेवलेली यंत्रे. संकेतशब्द अवघड असला म्हणजे झाले, हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण असा दोष प्रवेशाची तपासणीच वळसा घालून ओलांडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉलच्या व्यवस्थापन-पानात आढळलेला दोष याच जातीचा होता. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने जून २०२३ मध्येच केंद्रीय कार्यालयांना असे उघडे पान निदर्शनास आल्यापासून चौदा दिवसांत इंटरनेटवरून काढून घेण्याचा किंवा त्यापुढे प्रवेशाचे वेगळे नियंत्रण उभे करण्याचा आदेश दिला होता.

इंटरनेटची बाजू बंद केली की प्रश्न संपला असे मानणाऱ्यांसाठी सोफॉसच्याच इतिहासातला आणखी एक प्रसंग उद्बोधक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सायबरोमच्या भारतातील मुख्यालयात भिंतीवरचा पडदा चालवणारा, फारसे अधिकार नसलेला एक संगणक आपोआप जाळे चाचपू लागल्याचे दिसले आणि घुसखोरी उघड झाली. फायरवॉल बनवणाऱ्यांच्या घरात जे झाले ते धान खरेदीच्या कार्यालयात होणार नाही असे समजण्यास आधार नाही. म्हणून व्यवस्थापनाचे पान ‘आतल्या’ सर्वांना न उघडता नेमून दिलेल्या एकदोन संगणकांच्या पत्त्यांनाच उघडले पाहिजे आणि नागपुरातल्या अभियंत्याने व्हीपीएनमधून, म्हणजे ओळख पटवून उघडणाऱ्या सांकेतिक बोगद्यातूनच, आत आले पाहिजे. या पानाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र बहुधा यंत्रानेच स्वतःला बहाल केलेले असल्यामुळे ब्राउझर दर वेळी धोक्याची सूचना दाखवतो आणि प्रशासक दर वेळी ती ओलांडतो. अनोळखी दुव्यांवर क्लिक करू नका असे कर्मचाऱ्यांना सांगणाराही बहुधा तोच असतो.

बाकीचे उपाय सर्वज्ञात आणि म्हणूनच दुर्लक्षित आहेत : सर्वांचे मिळून एक ‘अ‍ॅडमिन’ खाते न ठेवता प्रत्येकाच्या नावाचे खाते ठेवणे, संकेतशब्दाबरोबर मोबाइलवरचा दुसरा पुरावा मागणे, आणि कोणी कधी प्रवेश केला याची नोंद फायरवॉलबाहेरच्या दुसऱ्या यंत्रावर साठवणे, कारण आत शिरलेला मनुष्य स्वतःची नोंद जपून ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहेच.

नियम घट्ट करताना स्वतःच बाहेर अडकण्याची भीती मात्र खरी असते, आणि तसे झाल्यास कोणाला तरी कन्सोलची, म्हणजे यंत्राला थेट जोडायची, केबल घेऊन यंत्रापाशी प्रत्यक्ष जावे लागते. ही खेप देखभालीच्या करारात आधीच धरली, तर खूण पुसायला अभियंत्याची हरकत राहणार नाही. तूर्त निविदांमध्ये यंत्राचा वेग, पोर्टांची संख्या आणि वॉरंटीची वर्षे हे सारे काटेकोर मांडलेले असते. व्यवस्थापनाचे पान कोणाला, कोठून उघडेल आणि करार संपल्यावर ठेकेदाराचे खाते कोण बंद करील, यासाठी मात्र सहसा एकही ओळ राखलेली नसते.