उधारीचा धूर

उत्तर यॉर्कशायरमधील ड्रॅक्स हे एके काळी ब्रिटनचे सर्वांत मोठे कोळसा वीजकेंद्र. गेल्या दशकात त्याच्या सहापैकी चार संचांत कोळशाऐवजी लाकडाच्या पेलेट जळू लागल्या. या पेलेट प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आणि कॅनडातून जहाजाने येतात. धुराड्यातून कार्बन निघतोच, पण ब्रिटनच्या ऊर्जाक्षेत्राच्या हिशेबात त्याची नोंद शून्य. वर हरित वीज म्हणून सरकारी अनुदानही.

हे शून्य आले कुठून? एकच झाड दोनदा मोजले जाऊ नये, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक हिशेबात लाकडातला कार्बन जंगल तोडले तिथे मांडायचा आणि जाळले तिथे सोडून द्यायचा, असे ठरले. हिशेबाची ही सोय होती. धोरणकर्त्यांनी तिचा अर्थ ‘लाकडाचा धूर निरुपद्रवी’ असा लावला. त्यात उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या क्योटो करारावर अमेरिकेने शिक्कामोर्तब केलेच नाही. जाळणाऱ्याच्या वहीत नोंद नाही आणि तोडणाऱ्यावर बंधन नाही!

वातावरणाला या चोपड्या वाचता येत नाहीत. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) प्रमाणकांनुसार एक गिगाज्यूल उष्णतेसाठी लाकूड सुमारे 112 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, दगडी कोळसा सुमारे 95 आणि नैसर्गिक वायू 56. समर्थक म्हणतात, झाड पुन्हा वाढेल आणि कार्बन शोषून घेईल. घेईलही. पण कधी? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी 2010 मध्ये मॅनोमेट संस्थेने केलेल्या अभ्यासात वीजनिर्मितीपुरते उत्तर असे निघाले: कोळशाशी नुसती बरोबरी साधायलाच सुमारे 20 वर्षे आणि वायूशी साधायला 90हून अधिक. हे गणितही कापलेले जंगल पुन्हा वाढू दिले तरच. तोवर उष्णता साठत राहणार, हिमनद्या वितळत राहणार. 2050 पर्यंत निव्वळ शून्य गाठू म्हणणाऱ्यांनी ही उधारी घ्यावी, हा विरोधाभास आहे.

सगळेच जैवइंधन एका तागडीत तोलू नये, हेही खरे. करवतगिरणीतला भुसा कुजून कार्बन सोडणारच असतो. त्याचे कर्ज लवकर फिटते. आपल्या साखर कारखान्यांत बगॅसवर वीज होते, पण ऊस 12 ते 18 महिन्यांत पुन्हा उभा राहतो. औष्णिक केंद्रांत कोळशासोबत जैवभार जाळण्याचे भारताचे 2021 चे धोरण मुख्यतः शेतातील अवशेषांवर बेतलेले आहे. ते तसेच राहायला हवे. मागणी वाढली आणि पेंढा कमी पडला की नजर ओंडक्यांकडे वळते. ती वाट आधीच बंद केलेली बरी.

ब्रिटन सरकारने 2025 मध्ये ड्रॅक्सचे अनुदान 2027 नंतर जवळपास निम्म्यावर आणायचे ठरवले, पण ते 2031 पर्यंत चालूच राहणार. हा अर्धा कबुलीजबाब झाला. धूर जिथे आणि ज्या वर्षी निघतो, तिथे आणि त्याच वर्षी त्याची नोंद व्हावी आणि अनुदान त्या नोंदीवर ठरावे. ही नोंद होत नाही तोवर जंगल जाळून मिळणाऱ्या विजेला हरित म्हणणे ही फसवणूकच आहे.