खिडकी जपायची कोणी?

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये माझ्या एका वर्गमित्राचे वडिलोपार्जित घर आहे. गेल्या पावसाळ्यानंतर गेलो, तेव्हा दर्शनी खिडकीवर त्याने प्लास्टिकचा कागद ठोकलेला दिसला. खालची पट्टी कुजली होती, सहा-सात शिंपल्या गळून पडल्या होत्या. तो म्हणाला, "ॲल्युमिनियमची सरकती खिडकी दोन दिवसांत बसेल, पण तिला परवानगी नाही. हिच्यासाठी नव्या शिंपल्या आणाव्यात, तर तोही गुन्हा. आता तूच सांग, काय करू?"

गोव्यातल्या या खिडक्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. काच दुर्मीळ होती, त्या काळात लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे सरकवून बसवीत. उन्हाचा कडाका बाहेर राही आणि दुधाळ उजेड आत येई. या शिंपल्या ज्या कालवाच्या, त्याचे शास्त्रीय नाव प्लॅक्युना प्लॅसेंटा. झुआरीच्या मुखाजवळ, चिखलीच्या खाडीतल्या गाळात त्याची वस्ती आहे.

खरी अडचण पुढेच आहे. फोंतेन्हास हा जतन विभाग. तेथे घराच्या दर्शनी रूपात मनमानी बदल चालत नाही. आणि हा कालव २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहे. दोन्ही नियम आपापल्या जागी रास्तच. कालव ओरबाडून खिडक्या सजवाव्यात, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण दोन रास्त नियमांच्या मध्ये घरमालक चेंगरतो आहे, त्याचे काय?

सकाळ-संध्याकाळ त्याच्या दारात पर्यटक फोटोसाठी उभे असतात. कौतुकाच्या वेळी घर साऱ्यांचे आणि सुताराचे पैसे चुकवायच्या वेळी एकट्याचे! अशाने घरे टिकत नाहीत. मालक थकतो, मुले परदेशी असतात, मग एक दिवस घर विकायला निघते.

मार्ग अगदीच नाही असे नाही. चौकटीची एक पट्टी कुजली म्हणून सारी खिडकी उखडावी लागत नाही. जाणता सुतार तेवढाच भाग कापून त्याच जातीचे लाकूड जोडतो. शिंपल्यांसाठी, पाडलेल्या घरांच्या खिडक्या भंगारात जाऊ न देता त्यांतल्या शिंपल्या वन खात्याच्या देखरेखीखाली नोंदवून जमा कराव्यात आणि गरजूंना द्याव्यात. दुरुस्तीचा काही भार सरकारनेही उचलावा. ज्या घरांच्या चित्रांवर गोव्याची जाहिरात होते, त्यांच्यासाठी एवढे मागणे फार नाही. नुसता 'बदलू नका' म्हणणारा नियम घर वाचवीत नाही. ते पडायला वेळ तेवढा लावतो.

निघताना मित्राने बिस्किटांचा एक डबा उघडून दाखवला. गळलेल्या शिंपल्यांपैकी न फुटलेल्या तीन त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. बाकीच्या चार कोठून आणायच्या, एवढाच त्याचा प्रश्न आहे.