सोळावा हिस्सा

आमच्या विश्रामबागेत शेजारी एक खाला राहतात. छातीत गाठ निघाली, तपासणीत कर्करोग ठरला. ऑपरेशनच्या आधी किरणोत्सर्गी इंजेक्शन द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरात कुजबुज सुरू झाली. सूनबाईंनी दोन वर्षांच्या नातवाला महिनाभर माहेरी पाठवायचं ठरवलं. खाला मला म्हणाल्या, "बेटी, नको मला ते इंजेक्शन. नातू दूर गेलेला सोसवणार नाही."

मी शिक्षिका, डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते भगिनींनो, तुम्हालाही सांगते.

या इंजेक्शनात प्रथिनाचे किंवा गंधकाचे अतिसूक्ष्म कण असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर होतो; यातले प्रथिनाचे कण बहुतेक ८० नॅनोमीटरहूनही लहान. त्यांना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडतात. कण म्हणजे टांगा आणि टेक्नेशियम हा त्यावरचा कंदील. छातीत टोचलेले कण लसीकावाहिन्यांतून जातात आणि बहुधा काखेतल्या पहिल्या ग्रंथीत अडकतात. कर्करोग पसरू लागला तर तोही सहसा आधी तिथेच पोहोचतो. सर्जन छोट्या यंत्राने हा कंदील शोधतात आणि तेवढ्या एक-दोन ग्रंथी काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर सहसा काखेतल्या साऱ्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत. हात कायमचा सुजण्याचा धोका बराच कमी होतो.

आता नातवाचं. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत सूनबाईंना मांडून दाखवलं. टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं. १२ तासांनी पाव, १८ तासांनी आठवा हिस्सा, २४ तासांनी सोळावा. मुळात मात्राही थोडीच. मग महिनाभराचं माहेर कशासाठी?

मात्र सगळ्या औषधांना हा हिशेब लागू नाही. थायरॉईडच्या कर्करोगावरचं आयोडीन-१३१ निम्मं व्हायला ८ दिवस घेतं, मात्राही मोठी असते. तिथे रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात आणि घरी आल्यावरही मुलं व गरोदर स्त्रियांपासून अंतर सांगतात. ते पाळायलाच हवं. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हेच काम करतं, आणि अशी द्रव्यं तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होतात.

कणांवर कंदिलाऐवजी औषधच लादून गाठ जाळायचे प्रयोगही चालू आहेत. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठातले कट्टेश कट्टी या आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या शास्त्रज्ञांनी चहातल्या एका घटकाच्या मदतीने किरणोत्सर्गी सोन्याचे कण बनवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांमधल्या प्रोस्टेटच्या गाठी त्यांनी पुष्कळ लहान झाल्या. पण ते उंदीर होते. 'नॅनो' किंवा 'सोनं' ऐकून कुणाच्या पुड्या विकत घेऊ नका.

अशी तपासणी निघाली तर तीन गोष्टी विचारा: औषध कोणतं, किती वेळात निम्मं होतं, मुलांपासून किती तास दूर राहायचं? आणि गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर न विचारता आधी सांगा.

खालांनी इंजेक्शन घेतलं, ऑपरेशनही झालं. ग्रंथीचा अहवाल अजून यायचा आहे. नातू माहेरी गेला नाही. सध्या तो आजीच्या उशाशी बसून तिचीच बिस्किटं खातो.