खेळातली जखम आणि खरी जखम

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ आणला. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे आणि फासे टाकायचे. आता आपल्याकडच्या शहरांतली मुलेही तो खेळतात.

या खेळात इजा गुणांत मोजतात. गुण शून्यावर येईपर्यंत पात्र ठणठणीत! म्हणून कथा सांगणाऱ्याने जखमेचे वर्णन जरूर करावे, असे माझे मत आहे. मात्र ते खरे असावे. सिनेमातला नायक बाण उपसून फेकतो. प्रत्यक्षात रुतलेली वस्तू बुचासारखी रक्त अडवून धरते. उपसली तर धार लागते. ती हलू न देता भोवती कापड दाबून धरावे आणि रुग्णालय गाठावे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातले दीड-दोन लिटर गेले की अंग गार व फिकट पडते, नाडी जलद चालते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. रक्तामांसाच्या चिंधड्यांपेक्षा हे वर्णन अधिक भिडते आणि उपयोगीही पडते.

पण खेळणाऱ्यांत कुणी अपघातातून वाचलेला असू शकतो. तेव्हा आधी विचारून घ्यावे. काही गट टेबलावर फुलीचे कार्ड ठेवतात. कुणी त्याला हात लावला की वर्णन तिथेच थांबते. कारण विचारत नाहीत. ही रीत मला शहाणपणाची वाटते.

पालकांनी खेळ बंद करण्याऐवजी एकदा शेजारी बसावे आणि बाणाचे पुढे काय केले, ते मुलांना विचारावे.