फर्ग्युसनचे अर्धे पुस्तक

मराठी विभागांच्या चर्चासत्रांत अलीकडे एक नाव वरचेवर कानावर पडते : जेम्स फर्ग्युसन. (पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन वेगळे, हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ.) निबंध ग्रामीण कादंबरीवरचा असो की आदिवासी साहित्यावरचा, त्यात स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता अवतरला रे अवतरला की निबंधवाचक १९९० सालच्या ‘द अँटि-पॉलिटिक्स मशीन’चा हवाला देतो आणि निकाल लागतो. परदेशी मदत आणि तिच्यावर जगणाऱ्या संस्था राजकारणाचा निचरा करतात. प्रश्न जमिनीचा आणि सत्तेचा असतो, त्या तो प्रशिक्षणाचा आणि तंत्राचा करून टाकतात. टाळ्या पडतात, चहा होतो.

हा निकाल सर्वस्वी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. तो पुस्तक न वाचता दिला जातो आणि त्या पुस्तकाच्या लेखकाने पुढची पंचवीस वर्षे काय केले हे पुसून दिला जातो, ही तक्रार आहे. मानववंशशास्त्रज्ञांनी ती केली तर समजू शकते. पण वाचन हाच ज्यांचा धंदा त्यांच्याविरुद्ध ती करावी लागावी?

वास्तविक ते पुस्तक आपल्याच जातकुळीचे आहे. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या डोंगराळ देशात, थाबा-त्सेका भागात, १९७५ ते १९८४ या काळात जागतिक बँक आणि कॅनडा सरकारची मदतसंस्था यांच्या पैशातून शेती-पशुपालन सुधारण्याचा प्रकल्प चालला. फर्ग्युसनने बँकेचा १९७५ सालचा अहवाल हाती घेतला आणि आपण कविता वाचतो तसा, शब्द पारखत वाचला. अहवालातला लेसोथो म्हणजे आधुनिक अर्थव्यवस्थेचे वारेही न लागलेल्या, पोटापुरते पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा देश. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातच इथले शेतकरी शेजारच्या बाजारांना धान्य विकत होते, आणि १९७०च्या दशकात बहुतेक घरांची चूल पेटत होती ती दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबणाऱ्या पुरुषांच्या मजुरीवर. अहवाल लिहिणारे अडाणी होते म्हणून हे घडले नाही. खाणमजुरांच्या देशाची गरिबी चाऱ्याचे नवे वाण देऊन हटत नाही. वर्णभेदी शेजाऱ्याशी असलेले नाते हे खरे दुखणे, आणि ते मदतसंस्थेच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा ज्यावर आपल्याकडे औषध आहे तेच दुखणे आहे, असे लिहिणे भाग होते.

गुरांबद्दलचे त्याचे विवेचन तर कुठल्याही कादंबरीच्या अभ्यासकाने मुळातून वाचावे असे आहे. लोक दुष्काळातही गुरे का विकत नाहीत? प्रकल्पाच्या तज्ज्ञांना ही परंपरेची अंधश्रद्धा वाटली. फर्ग्युसनला दिसले ते निराळे : खाणीवरून आलेल्या रोकडीवर बायकोचा, घरादाराचा हक्क चालतो, तिचीच गुरे घेतली की ती पुरुषाची ठेव होते आणि तिला सहजी हात लावता येत नाही. म्हणजे जिला रूढी म्हटले ती घरातली, नवराबायकोमधली, म्हाताऱ्या-तरुणांमधली ओढाताण होती. सुधारित चराईसाठी घातलेले कुंपण लोकांनी तोडले, फाटके नाहीशी झाली. प्रकल्प फसला. राहिले काय? रस्ता, नवे जिल्ह्याचे ठिकाण, कचेऱ्या, पोलीस. १९७० सालची निवडणूक हातची जाते असे दिसताच ती रद्द करून गादीवर बसून राहिलेल्या लेआबुआ जोनाथन यांच्या सरकारचा हात डोंगरापर्यंत पोहोचला, आणि यात राजकीय काही घडते आहे असे कोणाला वाटलेही नाही. थोडक्यात, फर्ग्युसनच्या वाक्यातला कर्ता राज्यसंस्था आहे. आपल्या चर्चासत्रांत मात्र तिच्या जागी खेड्यातला झोळीवाला कार्यकर्ता बसवला जातो. कर्ता बदलला की वाक्य बदलते, हे व्याकरण शिकवणाऱ्यांना सांगायचे?

आता हेच सूत्र सरदार सरोवराला लावून पाहावे. १९८५ साली जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. कर्जाबरोबर पुनर्वसनाच्या अटी आल्या, आणि अक्कलकुवा-अक्राणीच्या बुडिताखालच्या गावांना सरकारला जाब विचारण्यासाठी एक कागद मिळाला. नर्मदा बचाओ आंदोलन आणि परदेशांतल्या पर्यावरणवादी संस्था यांनी तो वॉशिंग्टनपर्यंत नेला. मोर्स समितीचा अहवाल १९९२ साली आला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज सोडून दिले. त्याच वर्षी बँकेला आपल्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे तपासणी मंडळ स्थापावे लागले. इथे परदेशी पैशाने राजकारणाचा निचरा केला की ते तापवले? आणि बँक निघून गेल्यावर धरण थांबले नाही, फक्त दाद मागण्याचे एक दार कमी झाले. ऑक्टोबर २०००च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला वाट दिली. मणिबेलीच्या माणसाला यातले काय काय सोसावे लागले ते ‘निचरा’ या एका शब्दात कसे मावेल?

आपल्या राज्यकर्त्यांना तर हे सूत्र कधीच पटलेले नाही. त्यांची भीती नेमकी उलटी आहे. परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६चा, आणीबाणीतला. २०१० साली नवा कायदा आला. त्याखालच्या २०११च्या नियमांत ‘राजकीय स्वरूपाची संघटना’ कशी ओळखावी हे सांगताना इंग्रजी मजकुरात बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो हे शब्द जसेच्या तसे आले आहेत. (देशी भाषांनी इंग्रजी कायद्याला दिलेले हे योगदान भाषाविज्ञानाच्या तासाला जरूर सांगावे.) मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला मुरड घातली; राजकीय हेतू नसेल तर केवळ हरताळाला पाठिंबा दिला म्हणून देणगी अडवता येणार नाही, असे म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला परदेशी निधी देणेच बंद केले. सरकार म्हणते संस्था फार राजकीय. आमचा निबंधवाचक म्हणतो राजकीय नाहीतच. मध्ये सापडलेली तालुक्याची संस्था दोघांकडूनही बोलणी खाते.

आणि लेसोथो? मार्च २०२५मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकी काँग्रेससमोर मदतीची खिल्ली उडवताना, कोणी नावही न ऐकलेला देश म्हणून त्याचाच उल्लेख केला. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची मदतसंस्था स्वतंत्र संस्था म्हणून संपली. एचआयव्हीचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी एकात आरोग्यसेवकांच्या नोकऱ्या गेल्या. यंत्र बंद पडले. सूत्राप्रमाणे आता तिथे राजकारणाला बहर यायला हवा.

फर्ग्युसन स्वतः मात्र सूत्रात अडकून बसला नाही. डाव्या अभ्यासकांची ‘अमुकाविरुद्ध, तमुकाविरुद्ध’ ही यादी वाढत जाते पण हवे काय ते कोणी सांगत नाही, असे त्याने आपल्याच गोटाला सुनावले. २०१५ सालच्या ‘गिव्ह अ मॅन अ फिश’ या पुस्तकात तो दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी अनुदानांकडे वळला : गरिबाच्या हाती थेट रोकड देण्याकडे दान म्हणून किंवा मजुरीचा मोबदला म्हणून न पाहता, देशाच्या संपत्तीतला त्याचा रास्त वाटा म्हणून पाहता येईल का, हा त्याचा प्रश्न. हे पुस्तक चर्चासत्रांत निघत नाही, कारण त्याने टाळी मिळत नाही.

निघाले तर काम पुष्कळ आहे. २८ जून २०२४चा ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय घ्यावा. शिक्षकांच्या खोलीत त्यावर ‘फुकटेगिरी’ की ‘महिला सक्षमीकरण’ एवढाच वाद रंगतो. फर्ग्युसनसारखा वाचायचा तर आधी नाव वाचावे लागेल. महिना दीड हजार रुपये घेणारी ही स्त्री नागरिक का नाही, बहीण का? आणि तीही लाडकी? मराठी घरात बहिणीला मिळते ती ओवाळणी, आणि वाटणीची वेळ आली की तिच्यापुढे येते ते हक्कसोडपत्र. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, तरी सही करून भावाला जमीन देणाऱ्या बहिणी आपण आजही पाहतो. ‘वाटा’ हा शब्द त्या शासन निर्णयात कुठे बसला असता, आणि तो बसवला असता तर योजनेचे नाव काय झाले असते, यावर एम.ए.च्या वर्गात एक तास घेऊन पाहावा.