राखीव बाकावरचं वय

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची जागा एकच. नवा पोरगा तयार होईपर्यंत जाणत्याने संघ ओढायचा, ही तिथली जुनी रीत. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये पॅट्रिक महोम्सला जवळजवळ अख्खा हंगाम अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवलं, शेवटचा साखळी सामना तेवढा दिला. पुढच्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आपल्याकडे सलामीवीराचंही असंच असतं. २०२० च्या आयपीएलमध्ये कोरोनातून उठलेल्या चेन्नईच्या ऋतुराज गायकवाडचे पहिले तीन डाव होते ०, ५ आणि ०. तरुणांमध्ये चमक दिसली नाही, असं कर्णधार धोनी तेव्हा उघड म्हणाला होता. मग चेन्नईचं आव्हान संपल्यात जमा झाल्यावर ऋतुराजला सलग सामने मिळाले आणि नाबाद ६५, ७२, नाबाद ६२ अशी तीन अर्धशतकं लागोपाठ आली. गमावण्यासारखं काही उरलं नाही तेव्हाच नवख्याला संधी, ही सवय वाईटच. पण पुढच्या वर्षी चेन्नईने खरं शहाणपण दाखवलं. फाफ ड्यू प्लेसीसारखा मुरलेला जोडीदार देऊन ऋतुराजला कायम ठेवलं. त्याच्या ६३५ धावा झाल्या, ड्यू प्लेसीच्या ६३३!

अजिंक्य रहाणेच्या वाट्याला अशी लागोपाठ संधी आली नाही. २०११ च्या अखेरीस तो कसोटी संघात आला, पण पहिली कसोटी खेळला थेट मार्च २०१३ मध्ये, दिल्लीत. धावा ७ आणि १. इतके महिने पाणी नेणाऱ्या फलंदाजाकडून पहिल्याच दिवशी लय मागणं हा अन्यायच होता. निवड समितीने त्याला टाकलं नाही, हे बरं. त्याच वर्षी डर्बनला त्याने नाबाद ५१ आणि ९६ केल्या.

समोरच्या जोडीदाराचं मोल पाहायचं तर बीडच्या सचिन धसचा डाव आठवा. फेब्रुवारी २०२४, बेनोनी, युवा विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत ४ बाद ३२. सचिनने ९६ काढल्या. समोर कर्णधार उदय सहारन ठाम उभा होता आणि दोघांनी १७१ जोडल्या.

उद्या बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यातला एखादा पोरगा जिल्ह्याच्या संघात पंधरावा म्हणून निवडला गेला, तर त्याला नुसतं गाडीत बसवून नेऊ नये. कोणते सामने मिळणार हे आधी सांगावं, नेटमध्ये संघातल्या जाणत्या फलंदाजाशी त्याची जोडी लावावी आणि दोन डाव फसले तरी तिसरा द्यावा. जागा सोडणाऱ्या जाणत्यालाही हे हंगामाआधीच, तोंडावर सांगावं.